सगळ्यात मोठा आकडा सांगणारा एजंट

हे प्रकरण तीन भावंडांचं आहे. आई-वडील गेल्यावर राहतं घर तिघांच्या नावावर आलं. तिथे जाऊन राहण्यासारखी कुणाचीच परिस्थिती नव्हती, म्हणून विकायचं ठरलं. घरातल्या हाकांनीच त्यांना इथे ओळखू: ताई, दादा आणि धाकटा. ताई घराजवळ राहते, किल्ली तिच्याकडे, गळका नळ आणि वाढलेलं गवतही तिच्याच वाट्याला. दादा फार दूर असतो आणि व्यवहारातलं आपल्याला सगळ्यांत जास्त कळतं असं त्याचं मत आहे. धाकट्याच्या डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे पैसे किती यापेक्षा कधी हा त्याचा प्रश्न. एकीला सुटका हवी, एकाला भाव हवा, एकाला वेळ वाचवायचा. ही गोष्ट तिघांनाही ठाऊक होती, पण एकमेकांशी ती उघडपणे बोलली गेली नाही आणि एजंटलाही सांगितली गेली नाही.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. किमतीही प्रत्यक्ष रकमेत देत नाही. त्या परिसरातली तशीच घरं मागच्या वर्षभरात प्रत्यक्षात ज्या भावाने विकली गेली, त्याची सरासरी १०० धरली आहे. पुढचे सगळे आकडे त्या मापातले.

शेवट आधीच सांगून टाकतो. घर ९९.५ ला विकलं गेलं, बाजारात आणल्यापासून जवळपास वर्षभराने. तिसऱ्याच आठवड्यात १०१ चा प्रस्ताव आला होता आणि तो नाकारला गेला. त्यामुळे घरात आजही ही कथा “दादाने १०१ घालवले” अशी सांगितली जाते. कागद पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं. खरं नुकसान त्या नकाराच्या बरंच आधी, एजंट निवडताना आणि करारावर सही करताना झालं होतं.

तीन अंदाज

तीन एजंटना बोलावलं, हे बरोबरच होतं. पहिल्या होत्या एक बाई. त्यांनी खोल्या टेप लावून मोजल्या, गच्चीवर जाऊन आल्या, मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावून ओल पाहिली. दादा फोनवर होता. “आमची अपेक्षा सांगू का?” त्याने विचारलं. “आत्ता नको,” त्या म्हणाल्या. “आधी मी माझा आकडा देते, मग तुमचा ऐकते.” काही दिवसांनी त्यांनी पाच घरांची यादी पाठवली. प्रत्येक घर कधी विकलं गेलं, कितीला, क्षेत्रफळ किती, बांधकाम किती जुनं, आणि आपल्या घराशी ताडून पाहता कुठे किती कमी-जास्त धरलं, हे सगळं त्यात होतं. निष्कर्ष ९८ ते १०३. खाली एक ओळ: मागच्या खोलीचा मंजूर नकाशा पाहावा लागेल.

दुसऱ्याने “बाजार ठरवेल तो भाव” एवढंच सांगितलं. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्याने घर पाहण्याच्या आधी, पहिल्याच फोनवर विचारलं, “साहेब, तुमची अपेक्षा काय आहे?” दादा म्हणाला, ११५. हा आकडा कुठून आला? काही वर्षांपूर्वी, तेजीत, समोरच्या घराला “एवढा भाव आला होता म्हणे”. तो मागितलेला भाव होता की मिळालेला, हे कुणी तपासलं नव्हतं. एजंट येऊन घर पाहून गेला आणि म्हणाला, “११५ काय घेऊन बसलात! ११८ ला काढून देतो. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे.”

त्यालाच काम मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

आधी कानावर पडलेला आकडा अंदाज कसा ओढून नेतो, यावर ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांचा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात त्यांनी व्यावसायिक एजंटना एक खरं घर दाखवलं आणि त्याच्या माहितीचं तपशीलवार बाड दिलं. सगळ्यांना घर तेच आणि माहितीही तीच. फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. एजंटनी केलेलं मूल्यांकन त्या किमतीच्या मागे सरकलं. गंमत अशी की त्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी कबूल केलं. म्हणजे पहिल्या एजंट बाईंचं “आत्ता नको” हे मानभावीपणाचं नव्हतं. आपलं मन कुठे घसरतं हे त्या ओळखून होत्या.

तिसऱ्याच्या बाबतीत मात्र मन नकळत घसरलं असं मला वाटत नाही. त्याने दादाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. हे तो का करतो, ते त्याच्या बाजूने बघायला हवं. विकायला आलेली घरं हेच एजंटचं भांडवल. तीन एजंट एकाच घरासाठी आले की खरा आकडा सांगणारा बहुधा हरतो, कारण मालक त्याची तुलना मोठ्या आकड्याशी करतो आणि त्याला वाटतं, याच्यात दम नाही. मोठा आकडा सांगणाऱ्याला चुकीच्या अंदाजाची काहीच किंमत मोजावी लागत नाही. सही झाली की वेळ त्याच्या बाजूने. “बाजार जरा थंड आहे” असं दर महिन्याला म्हणत किंमत खाली आणता येते, आणि शेवटी घर बाजारभावानेच विकलं गेलं तरी कमिशन त्याचंच.

यावर उपाय अवघड नाही. अंदाज सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं की गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्या घरांची पहिली मागणी किती होती, शेवटी मिळाले किती, आणि किती घरं न विकता मुदत संपून परत गेली? हा कागद जो दाखवेल त्याच्याशी पुढचं बोलणं. या तिघांनी तो कुणाकडेच मागितला नाही.

दीड टक्का

कराराच्या दिवशी दादा तयारीनिशी फोनवर होता. एजंटने दोन टक्के मागितले. तासभर घासाघीस झाली आणि दीडवर तुटलं. शंभरावर अर्धा वाचला म्हणून सगळे खूश. त्याच करारात आणखी चार गोष्टी होत्या. सहा महिने घर फक्त याच एजंटमार्फत विकायचं. मधेच करार मोडण्याची सोय नाही. जाहिरात कुठे, कशी, किती, याबद्दल चकार शब्द नाही. आणि मुदत संपल्यावरही बारा महिन्यांच्या आत, “एजंटच्या संपर्कात आलेल्या” कुणीही घर घेतलं तर कमिशन द्यायचं. हाच एजंट खरेदीदाराच्या बाजूनेही काम करू शकतो का, यावर करार गप्प होता.

या चार कलमांवर एकही प्रश्न विचारला गेला नाही. कमिशनचा टक्का डोळ्यांना दिसतो, त्यावर भांडता येतं, जिंकल्याचं समाधानही मिळतं. पण पैसा मुख्यतः दुसरीकडेच होता.

थोडं गणित. दीड टक्क्याने १०० ला विकलं तर एजंटला १.५ मिळतात. जास्त खपून त्याने १०५ मिळवून दिले, तर मालकांच्या पदरात जवळपास पाच जास्त, आणि एजंटच्या पदरात ०.०७५. त्यातला भाग त्याच्या कार्यालयाला जात असेल तर त्याहूनही कमी. एवढ्यासाठी महिनाभर जास्त राबायचं, जाहिरातीचा खर्च करायचा, आणि हातातलं गिऱ्हाईक निसटण्याचा धोकाही पत्करायचा? त्यापेक्षा आहे त्या भावात सौदा उरकून पुढच्या घराकडे वळणं त्याच्या सोयीचं.

हे नुसतं कागदी गणित नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १,००,००० घरविक्रींची छाननी केली. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एजंटांची स्वतःची घरं आणि त्यांनी गिऱ्हाइकांसाठी विकलेली तशाच प्रकारची घरं त्यांनी ताडून पाहिली. एजंटांची स्वतःची घरं सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के जास्त भावाने विकली गेली. स्वतःचं घर असलं की थांबायचं कधी आणि “घेऊन टाका” म्हणायचं कधी, याचा निर्णय बदलतो.

यावरून एजंट लबाड असतात असा निष्कर्ष काढू नये. मोबदला असा आखला तर तुम्ही-आम्हीही असंच वागू. मोबदला कसा आखायचा हे मात्र सही करण्याआधी मालकाच्या हातात असतं.

तिसरा आठवडा

११८ ची जाहिरात लागली. फोन बरेच आले, घर बघायला आलेले थोडे. तिसऱ्या आठवड्यात एक जोडपं आलं, दोनदा पाहून गेलं आणि १०१ देऊ म्हणालं. कर्ज मंजूर झाल्याचं बँकेचं पत्र त्यांच्याकडे होतं. ताईला पटलं, धाकट्याने तर त्या रात्रीच पैशांची वाटणी मनात करून टाकली. दादा म्हणाला, “पहिलाच माणूस १०१ म्हणतोय, म्हणजे ११० कुठे गेले नाहीत.” एजंटनेही मान डोलावली, ११८ सांगून बसल्यावर १०१ घ्या म्हणायला तोंड कुठलं? नकार कळवला. ते जोडपं महिन्याभरात दुसरीकडे स्थिरावलं.

दादाचा तर्क सरळ वाटतो, पण नव्याने आलेल्या घराकडे कोण येतं ते पाहिलं की तो उलटा निघतो. एखाद्या भागात घर शोधणारे लोक काही महिन्यांपासून शोधत असतात. त्यांनी बाकीची घरं पाहून झालेली असतात, भाव त्यांना पाठ असतात, कर्जाची तयारी झालेली असते. नवं घर आलं की ही साठलेली गर्दी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच येऊन जाते. त्यानंतर येतात ते फक्त नव्याने शोधायला लागलेले, एकेक करून. म्हणून पहिला प्रस्ताव हा जिन्याची पहिली पायरी असेलच असं नाही. पुष्कळदा तोच माथा असतो. त्यातून मागणी इतकी चढी की या गर्दीतल्या बऱ्याच जणांनी घर बघायचेही कष्ट घेतले नसणार. १०५ पर्यंतची घरं शोधणाऱ्याला ११८ चं घर यादीत दिसतच नाही.

पुढचे महिने शांततेत गेले. तिसऱ्या महिन्यात किंमत ११४ झाली, चौथ्यात ११०, पाचव्यात १०७. प्रत्येक वेळी तीन-चारच कमी, आणि प्रत्येक वेळी बाजाराच्या एक पाऊल मागे. असं थेंबाथेंबाने उतरणं मला सगळ्यांत वाईट वाटतं. बघणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की थांबलो तर आणखी उतरेल. शिवाय इतके दिवस पडून असलेल्या घराबद्दल शंका सुरू होते; काहीतरी खोट असल्याशिवाय का राहिलं, असं लोक म्हणतात. या घरात खोट होतीही, पण ती कुणाला दिसली म्हणून घर राहिलं होतं असं नाही.

दादा फोनवरून आठवड्याला नवी सूचना करायचा, फोटो बदला, मजकूर बदला, रविवारी कुणी येईना म्हणजे काय. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. दार उघडायला मात्र ताईलाच जावं लागायचं.

तयार गिऱ्हाईक

पाचव्या महिन्याच्या अखेरीस एजंटकडचं ते “तयार गिऱ्हाईक” उगवलं. घरं घेऊन, दुरुस्त करून विकणारा गुंतवणूकदार. भाव ८८. पैसे रोख, पंधरा दिवसांत. “ताई, हातचं सोडू नका. दिवस वाईट आहेत,” एजंट म्हणाला. धाकटा जवळजवळ तयार झाला होता. ताईने तेव्हा एक प्रश्न विचारला, जो सही करतानाच विचारायला हवा होता: “त्यांच्याकडूनही तुम्हाला काही मिळणार आहे का?” बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर उत्तर आलं की हो, त्यांच्याही बाजूने मीच आहे, आणि पुढे ते दुरुस्त करून विकतील तेव्हाही घर माझ्याकडेच येईल.

म्हणजे एकाच घरावर त्याला तीनदा कमिशन. आणि ताई, दादा, धाकटा कुठवर खाली येतील हे ज्याला ठाऊक, तोच समोरच्याला सल्ला देणार. असे दोन दगडांवर पाय किती चालवून घ्यायचे, याबाबत जगभर नियम सारखे नाहीत. काही ठिकाणी दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने चालतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ पासून अगदी मोजके अपवाद सोडून त्यावर बंदीच घातली आहे. नियम काहीही असो, करारात “दोन्ही बाजूंचं काम करायचं झाल्यास आधी लेखी कळवावं आणि आमची परवानगी घ्यावी” एवढं वाक्य घालायला कुणी अडवत नाही.

८८ ला नाही म्हटलं. सहा महिने संपले.

यादी

इथे ताईने केलेली एक गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते. मुदत संपल्याच्या दिवशी तिने एजंटला लेखी कळवलं की करार संपला आहे, आणि ज्यांच्यामुळे पुढे तुम्ही कमिशनवर हक्क सांगणार आहात त्यांची नावं द्या. आली चाळीसेक नावांची यादी. त्यात नुसते फोन केलेले, जाहिरातीवर चौकशी केलेले, असे सगळे. ताईने भेटीची वही काढली. दार तीच उघडत असल्यामुळे कोण आलं, कधी आलं, हे तिच्याकडे टिपलेलं होतं. बरीच खडाखडी होऊन प्रत्यक्ष घर पाहून गेलेल्या नऊ जणांवर आणि सहा महिन्यांच्या मुदतीवर तडजोड झाली. यादीखाली दोघांच्या सह्या झाल्या. तो १०१ वाला पुरुष, त्याची बायको आणि ८८ वाला गुंतवणूकदार त्या नऊ नावांत होते.

दुसरी खेप

मग ते पहिल्या एजंट बाईंकडे गेले. त्यांनी “मी सांगितलं होतं” असं म्हटलं नाही, पण घर लगेच बाजारात आणायलाही नकार दिला. “कागद आधी,” एवढंच.

कागदांत तीन अडचणी निघाल्या. वडिलांनी घरावर काढलेलं कर्ज फिटून कैक वर्षं झाली होती, पण बँकेचा बोजा नोंदीतून उतरवलेलाच नव्हता. मागची खोली वडिलांनी नंतर बांधलेली, मंजूर नकाशात तिचा पत्ता नाही. आणि दादा प्रत्येक सहीसाठी येऊ शकत नसल्यामुळे ताईच्या नावे मुखत्यारपत्र हवं होतं, तेही फक्त या एका घराच्या विक्रीपुरतं. या तिन्हींपैकी काहीही ऐन वेळी निघालं असतं तर खरेदीदाराच्या वकिलापाशी घोडं अडलं असतं. बोजा उतरवणं सोपं निघालं. खोली दंड भरून नियमित करून घ्यायला मात्र वेळ लागला. या सगळ्यात दोन महिने गेले. धाकट्याची चिडचिड झाली, ती समजण्यासारखी आहे. पण घर दोन महिने कुठल्याही जाहिरातीत दिसलं नाही याचाही उपयोगच झाला.

ओलीचं काय करायचं, यावर ताईचं म्हणणं होतं की छान रंग देऊन घेऊ. बाईंनी अडवलं. आधी गळका पाइप बदला, भिंत वाळू द्या, मग गिलावा आणि मग रंग. शिवाय ओल होती, अमुक दुरुस्ती केली, हे माहितीपत्रकात लिहायचं. “रंगाखालची ओल पावसाळ्याची वाट बघत नाही, घर तपासायला आलेल्या माणसाला ती यंत्रावर दिसते. आणि एक लपवलेलं सापडलं की तो उरलेलं घर संशयाने बघतो.”

मोबदल्याची आखणीही वेगळी झाली. सरसकट दीड टक्का, आणि ९८ च्या वर जे मिळेल त्याच्या दहा टक्के आणखी. आता एक जास्त मिळवला की एजंटच्या वाट्याला ०.०१५ ऐवजी ०.११५, म्हणजे सातपटींहून जास्त. यातला सापळा उंबरठ्याच्या आकड्यात असतो. असा करार होणार हे आधी कळलं तर एजंट अंदाजच खाली सांगेल आणि सहज मिळणाऱ्या पैशावर बक्षीस घेईल. इथे ९८ हा बाईंच्याच जुन्या अंदाजाचा खालचा टोक होता आणि तो दिला तेव्हा या आखणीचा विषयही नव्हता. मुदत तीन महिने, लेखी नोटीस देऊन मोडता येईल असा करार, आणि दर आठवड्याला किती चौकश्या, किती भेटी, लोक काय म्हणाले याची नोंद. त्याबरोबर एक कागद तिघांच्या सहीचा: कमीत कमी किती, कधीपर्यंत, आणि मतभेद झाल्यास निर्णय कसा. हा कागद एजंटसाठी होता असं म्हणतात, पण खरं तर भावंडांनाच त्याची गरज होती.

मागणी १०२ ठेवली. भेटी दोन सुट्टीच्या दिवशी एकापाठोपाठ लावल्या, म्हणजे येणाऱ्याला जाणारा दिसावा. दोन आठवड्यांत चार प्रस्ताव आले.

सर्वांत वरचा १०४. पण त्या गृहस्थांना आधी स्वतःचं घर विकायचं होतं आणि कर्जाचा अर्जही केलेला नव्हता. दुसरा १००, कर्जमंजुरीचं पत्र हातात, अडीच महिने हवे. तिसरा ९८, रोख, तीन आठवडे. चौथा होता तोच गुंतवणूकदार, या वेळी दुसऱ्या एजंटमार्फत, ९५ वर. त्याचं नाव यादीत असल्यामुळे त्याला विकलं तर जुन्या एजंटचेही दीड टक्के निघाले असते, म्हणजे हातात दोन कमिशनं जाऊन ९२ च्या आसपास. यादी नसती तर हे लक्षातही आलं नसतं.

दादाला १०४ हवे होते, धाकट्याला ९८. बाईंनी एक तक्ता मांडला: भाव, पैशाची खात्री, लागणारा वेळ, आणि त्या काळात रिकाम्या घराचा खर्च, जो कर, देखभाल, विमा सगळं धरून महिन्याला ०.४ पडत होता. १०४ ला त्यांनी कळवलं की तुमचं घर विकलं की सांगा, तोवर आम्ही इतरांशी बोलत राहू. १०० वाल्यांकडे १०२ मागितले; ते १०१ वर आले. इसार घेऊन करार झाला. पुन्हा १०१, दादाच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

मूल्यांकन

आणि मग खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार येऊन ९७ लिहून गेला. बँक कर्ज देते ते सहसा सौद्याची किंमत आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यांतला जो आकडा कमी, त्यावर. फरक खरेदीदाराने खिशातून भरायचा किंवा सौदा मोडायचा. खरेदीदाराने साहजिकच ९७ ची मागणी केली.

बाईंच्या कामाची खरी किंमत मला इथे दिसते. त्यांनी अहवालाची प्रत मिळवली. त्यात दोन गोष्टी सापडल्या. मागच्या खोलीचं क्षेत्रफळ धरलेलंच नव्हतं, आणि तुलनेला घेतलेल्या घरांतलं एक घाईघाईत, अडचणीपोटी विकलेलं होतं. त्यांनी नियमित झालेला नकाशा आणि अलीकडे विकलेल्या तीन घरांचे तपशील जोडून बँकेकडे फेरविचाराचं पत्र दिलं. नवा आकडा ९९. मग उरलेल्या दोनांवर बोलणी होऊन ९९.५ ठरले. विकणारे दीड उतरले, खरेदीदाराने मूल्यांकनावर अर्धा खिशातून घातला. दादा दोन दिवस अडून बसला होता. ९८ रोखवाला एव्हाना गेला होता, १०४ वाल्यांचं घर विकलं गेलं नव्हतं. तिघांच्या सहीचा कागद समोर ठेवल्यावर तो राजी झाला.

हिशेब

आता ते “घालवलेले” १०१. त्या वेळी विकलं असतं तर दीड टक्के जाऊन ९९.४८ हातात आले असते. प्रत्यक्षात ९९.५ मधून दीड टक्के म्हणजे १.४९ आणि ९८ च्या वरच्या दीडवर ०.१५ जाऊन ९७.८६ राहिले, मधल्या नऊ महिन्यांचा रिकाम्या घराचा खर्च ३.६ वजा केला तर ९४.२६. फरक पाचाहून जास्त. दादावर खापर फोडायला पुरेसा.

पण ते १०१ पदरात पडले असते का? बोजा उतरवलेला नव्हता, मागची खोली नकाशात नव्हती, तेही खरेदीदार कर्ज काढूनच घेणार होते. त्यांच्या बँकेच्या मूल्यांकनकाराला ती खोली वगळावीच लागली असती, आणि दुसऱ्या खेपेसारखा पत्र लिहून भांडणारा एजंट तेव्हा नव्हता. सौदा मोडलाच नसता आणि ९७ वर येऊन टिकला असता असं धरलं, तर कमिशन जाऊन ९५.५५. मग प्रत्यक्षातला फरक १.३ च्या आसपास उरतो, आणि त्यात धाकट्याने मधल्या काळात भरलेलं व्याज. तोटा आहेच, तो दादाच्या एका नकारामुळे झाला असं मात्र हे आकडे म्हणत नाहीत. कागद तयार नसताना आणि ११८ च्या आशेवर घर बाजारात नेलं, त्याची ही किंमत. धाकट्याला हा हिशेब पटत नाही. त्याचं म्हणणं, मूल्यांकनकार दुसरा असता तर? हे खोडून काढता येत नाही.

व्यवहार नोंदवून महिना झाला असेल, तेव्हा जुन्या एजंटचं पत्र आलं. खरेदीदाराच्या भावाने पहिल्या महिन्यात आपल्याला फोन केला होता, म्हणून पूर्ण दीड टक्के कमिशन द्यावं, अशी मागणी. मूळ करारातलं “संपर्कात आलेल्या” हे शब्द त्याने पिवळ्या रंगात रंगवून पाठवले होते. ताईने उत्तरात एक ओळ लिहिली आणि सोबत नऊ नावांच्या, दोघांच्या सहीच्या यादीची प्रत जोडली. त्यावर पुढे काही आलं नाही.